आडनाव गिधाड

१७५८ साली कार्ल लिनियसच्या ‘सिस्टिमा नॅचुरी’ची दहावी आवृत्ती निघाली. प्राण्यांची शास्त्रीय नावं आज जिथून ग्राह्य धरतात, ती हीच आवृत्ती. तिच्यात ‘वुल्तुर’ म्हणजे गिधाड या वंशाखाली सहा पक्षी आहेत: अँडीजचा काँडोर, हार्पी, अमेरिकेतलं रंगीत डोक्याचं राजगिधाड, लाल तोंडाचं टर्की गिधाड, दाढीवालं गिधाड आणि इजिप्शियन गिधाड. यादी जरा सावकाश वाचली की गंमत कळते. गिधाड म्हटल्यावर तुमच्याआमच्या डोळ्यांपुढे जे उभं राहतं, लांब बोडक्या मानेचं, खांदे पाडून बसलेलं, मेलेल्या बैलाभोवती झुंबड करणारं, ते या सहांत नाहीच. त्या ‘जिप्स’ वंशातल्या मंडळींना शास्त्रीय नावं मिळाली ती पुढच्या तीसेक वर्षांत. युरोपातल्या ग्रिफन गिधाडाला १७८३ मध्ये, आपल्या लांब चोचीच्या गिधाडाला १७८६ मध्ये, पांढऱ्या पाठीच्या गिधाडाला १७८८ मध्ये. आणि लिनियसच्या यादीतला हार्पी तर गिधाडच नव्हे. तो दक्षिण अमेरिकेतल्या रानातला, माकडं उचलणारा दांडगा गरुड.

लिनियसला हसण्यात अर्थ नाही. त्याच्यापुढे होती चित्रं, पेंढा भरलेली कातडी आणि खलाशांच्या गोष्टी. शिवाय गिधाड या नावाची मुळातच एक अडचण आहे. मला ते कुलकर्णी, देशपांडे, पाटील या आडनावांसारखं वाटतं. गाडीत दोन कुलकर्णी समोरासमोर आले की आधी गाव विचारतात, मग गोत्र, आणि बहुतेक वेळा निघतं ते असं की दोघांचा काडीचा संबंध नाही. कधीकाळी दोघांच्याही खापरपणजोबांनी आपापल्या गावचं दप्तर सांभाळलं, एवढंच साम्य. गिधाडपणही असंच वतन आहे. मेलेलं खाऊन संपवायचं काम पक्ष्यांत एकाच घराण्याकडे कधीच नव्हतं. अमेरिकेत ते एका कुळाने उचललं, काँडोर आणि टर्की गिधाड त्यातले. आशिया-आफ्रिका-युरोपात ते घार-गरुडांच्या कुळातल्या लोकांनी उचललं, आणि तेही एकदा नव्हे, दोनदा.

हे ‘दोनदा’ मला जास्त आवडतं, कारण हाडं खाणारं दाढीवालं गिधाड तिथेच येतं. १९९०च्या दशकात पेशींतल्या जनुकांचे तुकडे ताडून बघायला सुरुवात झाली. त्यातून दिसलं की ‘जिप्स’ आणि त्यांच्या जवळची काळी, लाल डोक्याची वगैरे गिधाडं ही एक शाखा, आणि तिचे शेजारी आहेत सापमार गरुडासारखे साप खाणारे गरुड. दाढीवालं आणि इजिप्शियन गिधाड मात्र दुसऱ्याच फांदीवर बसलेली. त्या फांदीवर शेजारी कोण, तर पश्चिम आफ्रिकेत तेलमाडाची फळं खाणारं एक पांढरं-काळं गिधाड, आणि मादागास्करच्या जंगलातला एक दुर्मीळ सर्पगरुड. काही अभ्यासांत या मंडळींचं नातं मधुबाजाच्या घराण्याशी जुळतं, म्हणजे गांधीलमाशीची पोळी फोडून अळ्या खाणाऱ्यांशी. हाडं खाणारा, अंडी फोडणारा, फळं खाणारा आणि एक सरडे-बिरडे धरणारा. एकाच घरातली ही भावंडं आहेत हे कुणाच्या तोंडाकडे बघून ओळखता आलं असतं, असं मला तरी वाटत नाही.

लिनियसच्या यादीत मात्र पाचवं दाढीवालं आणि सहावं इजिप्शियन, एकाखाली एक. खरी नातलग असलेली ही जोडी शेजारी पडली. हा निव्वळ योगायोग. लिनियसला श्रेय देऊ नका.

दाढीवाल्या गिधाडासाठी लिनियसची भिस्त होती इंग्रज चित्रकार-निसर्गअभ्यासक जॉर्ज एडवर्ड्सच्या चित्रावर आणि वर्णनावर. पक्षी होता अल्जीरियातल्या ओरानजवळच्या सांताक्रूझचा. (मुंबईकरांनी दचकू नये, जगात सांताक्रूझ पुष्कळ आहेत.) म्हणजे हिमालयात दिसणाऱ्या आपल्या या पक्ष्याचा नावाच्या दृष्टीने मूळ पत्ता आहे उत्तर आफ्रिकेचा. पुढे १७८४ मध्ये जर्मनीतल्या स्टोरने त्याला गिधाडांतून वेगळा काढून स्वतंत्र वंश दिला, ‘जिपेटस’. ग्रीकमध्ये गिधाड आणि गरुड हे दोन शब्द एकत्र बांधले की हे नाव होतं. नाव ठेवणाऱ्याची पंचाईत नावात स्वच्छ दिसते: बुवा, हा आहे तरी कोण? पाय आणि चोच गिधाडाची, मानेवर मात्र गरुडासारखी भरगच्च पिसं. त्याला बोडकी मान कशाला हवी? मेलेल्या जनावराच्या पोटात डोकं घालायची वेळच त्याच्यावर येत नाही. बाकीच्यांचं जेवण उरकलं की तो येतो.

तो कसा जेवतो हे एकदा नीट बघायला मिळालं. उत्तराखंडात चोपत्याहून तुंगनाथला चढणारी दगडी वाट आहे. आमचा वाटाड्या तिथल्याच गावचा पोरगा, दम खायला थांबलेल्या आमच्या घोळक्याला दरीकडे बोट दाखवत म्हणाला, “वो देखिए मैडमजी, हड्डीवाला.” मी वर बघायला लागले, तर पक्षी खाली. दरीतून तो आमच्या पायांखालच्या उंचीवर सरकत होता, त्यामुळे पाठ दिसली: राखी-काळी, प्रत्येक पिसाच्या मधोमध बारीक पांढरी रेघ. लांब, टोकाशी निमुळती होत गेलेली पाचरीसारखी शेपटी. ‘जिप्स’ गिधाडांना अशी शेपटी नसते, लांबून ओळखायची हीच खूण. पंखांचा पसारा अडीच मीटरच्या घरात, पण हलवणं नाही. वळला तेव्हा छाती दिसली, विटकरी-नारिंगी, आणि डोळ्यांवरून उतरून चोचीखाली लोंबणारी काळी राठ केसांची झुबकी. ती दाढी. पायांत काहीतरी लांबट होतं, मला काटकी वाटली. तो उताराच्या वर चढत गेला, पंख किंचित आवळले आणि ती काटकी सोडली. आधी ती खडकावर उसळलेली दिसली, टक् आवाज नंतर आला. पाठोपाठ तो गिरक्या घेत उतरला, खडकावर दोनचार बेढब उड्या मारत चालला, हाड उलटंपालटं केलं, मन भरलं नाही बहुतेक, आणि ते पुन्हा उचलून उडाला. दुसऱ्या खेपेला ते तुटलं असावं, कारण नंतर मान वर करून काहीतरी गिळताना दिसला. ते गिळणं बघवत नाही. सापाने उंदीर गिळावा तसा आवंढा मानेतून खाली जाताना दुर्बिणीतून स्पष्ट दिसतो.

या पक्ष्याच्या खाण्यातला ७० ते ९० टक्के भाग हाडांचा असतो. दुसरं कुठलंही पाठीच्या कण्याचं जनावर इतकं हाडांवर जगत नाही. कोकराच्या मांडीएवढं हाड तो सबंध गिळतो, त्याहून मोठं असेल तर ठरावीक खडकावर ५० ते १५० मीटरवरून टाकून फोडतो. स्पेनमध्ये अशा खडकांभोवती वर्षानुवर्षांच्या हाडांच्या चिपांचा खच पडलेला असतो. पोटातलं आम्ल इतकं जहाल, की त्याचा पीएच १ च्या आसपास. एका दिवसात हाड विरघळून जातं. आपल्याला वाटतं, बिचाऱ्याच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. पण हाडात मगज असतो, चरबी असते, प्रथिनं असतात. मांस चार दिवसांत सडतं, किडे खातात, लांडगे नेतात. हाड थंड कोरड्या हवेत महिनोन् महिने तसंच राहतं, आणि त्यासाठी कुणी भांडायला येत नाही. हे कोठार डोंगरावर कायम भरलेलं असतं, फक्त कुलूप उघडता आलं पाहिजे. ते कसब पिल्लांना लगेच येत नाही. खडकावर नेम धरायला शिकण्यात त्यांचा बराच काळ जातो.

आता त्या नारिंगी छातीबद्दल. ती छाती मुळात पांढरी असते. प्राणिसंग्रहालयात वाढलेले पक्षी पांढरेच राहतात. डोंगरातले पक्षी लोहाचा अंश असलेल्या लाल चिखलाच्या पाण्याशी जातात, त्यात लोळतात, चोचीने आणि नखांनी तो चिखल पिसांत चोळतात. का, यावर अभ्यासकांत दोन तट आहेत. एक म्हणतो, हा रुबाब आहे: जेवढा गडद रंग, तेवढा दबदबा. दुसरा म्हणतो, लोहामुळे जंतूंना आळा बसत असेल. मला पहिलं पटतं, पण ते माझ्या स्वभावामुळेही असेल. गंमत अशी, की हाब्लित्स नावाच्या गृहस्थाने १७८३ मध्ये या पक्ष्याला ‘ऑरिअस’, म्हणजे सोनेरी, असं नाव दिलं होतं. म्हणजे पक्ष्याने अंगाला फासलेली माती नावात जाऊन बसली. दीडदोनशे वर्षं पोटजातींच्या यादीत ते नाव मिरवत होतं.

हिमालयातल्या पक्ष्यालाही स्वतंत्र नाव मिळालं होतं. १८३८ मध्ये टॉमस हटनने त्याला ‘हेमाचलानस’ म्हटलं. आपल्या कानाला ते ओळखीचंच वाटतं, लॅटिनचा शर्ट घातलेलं हिमाचल. पण नंतर पिसांची आणि मापांची तुलना झाली, आणि आज बहुतेक जण दोनच पोटजाती मानतात. एक युरोप, उत्तर आफ्रिका आणि आशियातली ‘बार्बेटस’, दुसरी इथिओपियापासून लेसोथो-ड्रॅकेन्सबर्गपर्यंतच्या आफ्रिकी डोंगरांतली ‘मेरिडिओनॅलिस’. दुसरीच्या पायांचा खालचा भाग उघडा असतो, पहिलीच्या पायांवर बोटांपर्यंत पिसांची तुमान. सोनेरी आणि हिमाचली दोघांनाही ओरानच्या पक्ष्यात विलीन व्हावं लागलं. २००४ मध्ये युरोपातल्या संग्रहालयांतल्या जुन्या कातड्यांतून डीएनए काढून बघितलं, तर दोन वंशावळी निघाल्या खऱ्या, पण त्यांची वाटणी या पोटजातींशी जुळेना. पश्चिम युरोपातले पक्षी बहुतांशी एका बाजूला, आणि आफ्रिका, पूर्व युरोप, मध्य आशिया दुसऱ्या बाजूला. पायांवरच्या पिसांनी एक सांगितलं, रक्ताने दुसरं.

हे सगळं कागदावरचं भांडण म्हणून सोडून देता आलं असतं. पण या पक्ष्याच्या बाबतीत एका नावाने त्याचा जीव घेतला. आल्प्समध्ये जर्मन बोलणारे लोक त्याला ‘लेमरगायर’ म्हणत, कोकरं उचलणारं गिधाड. धनगरांना तो मेलेल्या कोकराजवळ दिसे. कोकरू आधी कशाने मेलं हे विचारायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. पुढे गोष्टी वाढल्या, तो पाळण्यातली मुलंही उचलून नेतो इथपर्यंत. सरकारांनी बक्षिसं लावली. बंदुका निघाल्या, विषारी आमिषं टाकली गेली, आणि १९१३ मध्ये इटलीच्या आओस्ता खोऱ्यात आल्प्समधला शेवटचा पक्षी मारला गेला. पाच-सात किलोच्या या पक्ष्याची नखं गरुडाइतकी पकडीची नाहीत. जिवंत शिकार तो क्वचित करतो, आणि तीही बहुधा कासवाची, हाडासारखीच उंचावरून टाकून. ग्रीक नाटककार एस्किलस डोक्यावर कासव पडून मेला अशी आख्यायिका आहे. तिच्यातला गरुड बहुधा हाच असावा, असं पुष्कळांना वाटतं. माझ्या मते ती गोष्टच थाप आहे, पण थाप मारणाऱ्याने पक्षी नीट पाहिला होता.

त्याच पक्ष्याकडे इराणी लोक बघत होते तेव्हा त्यांना दिसला हुमा. ज्याच्या डोक्यावर हुमाची सावली पडेल तो राजा होईल अशी तिथली समजूत, आणि आपल्याला इतिहासाच्या पुस्तकातून ठाऊक असलेला हुमायून हा याच शुभशब्दाच्या परिवारातला. कल्पनेतल्या या पक्ष्याबद्दल जुने फारसी लोक आणखी एक गोष्ट सांगत: तो सगळ्या पक्ष्यांत श्रेष्ठ, कारण तो हाडं खातो आणि कुणा जिवाला त्रास देत नाही. आल्प्समधल्या शेतकऱ्याने आणि इराणातल्या कवीने बघितलेला पक्षी एकच असेल, तर एकाने त्याला खुनी ठरवलं आणि दुसऱ्याने संत. इराणातल्याचं निरीक्षण जास्त बरोबर होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. आज जर्मनमध्येही ‘लेमरगायर’ मागे पडून ‘बार्टगायर’, दाढीवालं गिधाड, हेच नाव रूढ झालंय. पक्ष्याला परत आणायचं तर त्याच्या कपाळावरचा आरोप आधी पुसायला हवा होता.

परत आणण्याची गोष्टही वंशावळीत गुंतलेली आहे. १९७०च्या दशकात अफगाणिस्तानातून पक्षी पकडून आणून आल्प्समध्ये सोडायचा प्रयत्न झाला, तो फसला. मग प्राणिसंग्रहालयांतल्या जोड्यांपासून पिल्लं वाढवून सोडायचं ठरलं. मादी बहुधा दोन अंडी घालते, आणि थोरलं पिल्लू धाकट्याला टोचून टोचून मारतं. कैदेत ते धाकटं वाचवता येतं. १९८६ मध्ये ऑस्ट्रियाच्या राउरिस खोऱ्यात पहिली पिल्लं सोडली. लांबून ओळखता यावं म्हणून प्रत्येकाची वेगवेगळी पिसं रंग उडवून पांढरी केलेली. १९९७ मध्ये फ्रान्सच्या ओत-साव्हुआ भागात रानात जन्मलेलं पहिलं पिल्लू उडालं. प्राणिसंग्रहालयांतल्या मूळ जोड्यांत आशियाई रक्त बरंच होतं, त्यामुळे शुद्धतावाद्यांना हळहळ वाटली असणार. हाडं फोडायला त्याने काही अडलं नाही.

आपल्याकडे सह्याद्रीत हा पक्षी नाही. पण त्याचा चुलतभाऊ आहे. पिवळ्या तोंडाचं, मळकट पांढरं इजिप्शियन गिधाड महाराष्ट्रात माळरानांवर, गावाबाहेरच्या उकिरड्यांवर दिसतं. आफ्रिकेत ते शहामृगाच्या अंड्यावर दगड आपटून अंडं फोडतं. एक भाऊ खडकावर हाड टाकतो, दुसरा अंड्यावर दगड टाकतो, हे नातं डोळ्यांनाही पटावं. आमची आजी दक्षिणयात्रेच्या गोष्टी सांगायची त्यात पक्षीतीर्थ असायचंच. तमिळनाडूत चेंगलपट्टूजवळच्या तिरुक्कळुकुन्रमच्या टेकडीवर रोज दुपारी दोन पांढरे पक्षी येत आणि पुजाऱ्यांच्या हातचा गोड तूपभात खाऊन जात. ते ऋषी आहेत, काशीहून येतात, असं आजी ठासून सांगे. ती इजिप्शियन गिधाडं होती. आता कित्येक वर्षांत ती तिथे येत नाहीत. गिधाड हा शब्द शिवीसारखा वापरणाऱ्या घरांतले लोक त्यांनाच हात जोडायचे. मला यात विसंगती वाटत नाही. आजीच्या लेखी ती गिधाडं नव्हतीच.

मध्यंतरी एका दैनिकात रायगडातल्या चिरगावच्या गिधाडांबद्दल छान बातमी होती, आणि फोटो छापला होता काँडोरचा. आम्ही हसलो, पण अशा गल्लतीत एक गंभीर बाबही आहे. नव्वदच्या दशकात आपल्याकडची पांढऱ्या पाठीची गिधाडं मरू लागली. १९९२ ते २००७ या काळात त्यांची संख्या ९९ टक्क्यांहून जास्त घटली. गुरांना वेदनाशामक म्हणून दिलं जाणारं डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावरातून त्यांच्या पोटात जाऊन मूत्रपिंडं निकामी करतं, हे २००४ मध्ये स्पष्ट झालं, आणि २००६ मध्ये भारतात गुरांसाठी त्यावर बंदी आली. नंतर अमेरिकेत टर्की गिधाडांना तेच औषध देऊन पाहिलं. ‘जिप्स’ला मारणाऱ्या मात्रेच्या शंभरपटीहून जास्त दिलं तरी ती पठ्ठी धडधाकट. एका आडनावाचे सगळे एकच समजून त्यांच्यावर औषध तपासलं असतं, तर ते निर्धोक ठरलं असतं. चिरगावच्या झाडांवरची घरटी ‘जिप्स’ची आहेत, म्हणून तिथल्या गुरांना काय टोचलं जातं याला महत्त्व आहे.

हाडं खाणाऱ्याला मराठीत जुनं नाव नाही. इथे तो राहतच नाही, तर कुठून असणार? पुस्तकांतलं ‘दाढीवालं गिधाड’ हे सरळ भाषांतर. आमच्या पक्षीवाल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नाशिकच्या एका मुलीने ‘हाडफोड्या’ सुचवलं. स्पेनमधल्या लोकांनी याच अर्थाचं नाव ठेवलंय, तर आपण का नको, असा तिचा सवाल. मी लगेच पाठिंबा दिला. लांबून दाढी दिसत नाही, हाड फोडताना मात्र दिसतं. ग्रुपमधले ज्येष्ठ काका दुपारभर गप्प होते. संध्याकाळी त्यांचा मेसेज आला: “बाळांनो, हाडफोड्या ठीक आहे, पण तालमीतल्या पैलवानाचं वाटतं. आणि तो बसलाय हिमालयात, त्याला घाई नाही. आपल्या उकिरड्यावरच्या त्या इजिप्शियनला आधी इजिप्तमधून सोडवा.” त्यावर आतापर्यंत सतरा नावं आली आहेत. काकांना एकही पसंत नाही.